वहिनी काढू का?

शनिवारी दुपारी जेवणं उरकली होती, तो भांडी घासत होता आणि त्याची बायको टेबलाशी बसून मटार सोलत होती, तेव्हा फोन वाजला. त्याचे हात कोपरापर्यंत साबणात, म्हणून तिनेच फोन उचलला, स्पीकरवर टाकला आणि ओट्यावर बरणीला टेकवून उभा केला. फोन कुंभाराचा होता. हा कुंभार मडकी करत नाही. मोटरसायकलींच्या कारखान्यात डिझाइनचा स्टुडिओ असतो, तिथे नव्या गाडीचा पुऱ्या मापाचा नमुना मातीत घडवायचं काम तो इतकी वर्षं करतोय, की दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली तर वळूनही बघत नाही.

“दादा, वहिनी काढून बघितली,” कुंभार म्हणाला. “तिच्याशिवाय मागची बाजू काय सुटसुटीत दिसतेय म्हणून सांगू. उगाच इतके दिवस सांभाळत बसलो तिला. कायमची काढू का?”

“काढ,” तो म्हणाला.

“नक्की ना? मग आजच माती चढवून घासून टाकतो. सोमवारी मोठे साहेब यायच्या आत शेपूट चकचकीत करून ठेवतो.”

“काढ म्हटलं ना,” तो म्हणाला, आणि फोन बंद झाला. नळाचं पाणी वाहत होतं. ‘काढ’ हा शब्द त्याच्या तोंडातून असा निघून गेला होता, जसं कुणी दार वाजवल्यावर आपण न उठता ‘उघडंच आहे’ म्हणतो. त्यात काही ठरवणं नव्हतं. मागे मटारच्या शेंगा फुटण्याचा आवाज चालू होता. तो आवाज थांबला असता तर त्याने मान वळवली असती, पण आवाज थांबला नाही, आणि त्याच लयीत तिने विचारलं, “कोणती वहिनी रे?”

तो गडबडला नाही. चोरी केली असती तर गडबडला असता. “डमी आहे,” तो म्हणाला. “मागे बसणाऱ्या माणसाची. प्लायवूडची.” तिने विचारलं, डमीला वहिनी का म्हणतात. त्याने आधीच लख्ख झालेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं आणि म्हणाला, “तुझ्यावरून.” ती म्हणाली, “म्हणजे आत्ता काढली ती मी.” तो म्हणाला, “तू नाही गं, प्लायवूड.” त्यावर ती म्हणाली, “बरं.” त्यांच्या घरात ‘बरं’चे बरेच प्रकार होते. एक बरं म्हणजे बरं. एक म्हणजे तुझं चालू दे. एक म्हणजे आत्ता हातात काम आहे, नंतर बघते. हे बरं यातलं कुठलंच नव्हतं आणि हे त्याला पाठमोरा असूनही कळलं. त्याने पातेलं उपडं घातलं, हात पुसले, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला, “चहा टाकू?” ती म्हणाली, “आत्ताच तर जेवलो.”

नंतर तो आतल्या खोलीत आडवा झाला. झोप येणार नव्हती हे माहीत असूनही आडवा झाला, कारण अलीकडे उभं राहायचंच त्याला जिवावर येई. दमणं म्हणजे काय, हे त्याला पूर्वी ठाऊक होतं असं वाटे. पूर्वी दमला की झोपायचा आणि उठला की नवा व्हायचा. आता झोपेतून उठतानाच तो दमलेला असे, जणू रात्रभर कुणीतरी त्याच्या नावावर काम उरकून घेतलं होतं. छताकडे बघत असताना त्याला गाडीच्या मापाचा, बसून बघायचा तो लाकडी सांगाडा दिसायला लागला, पहिला, त्यांचं लग्न नवं असतानाचा. तेव्हा स्टुडिओ म्हणजे पत्र्याची एक लांब खोली होती आणि डमी एकच होती, मध्यम बांध्याच्या पुरुषाची. तिलाच पुढे बसवून बघायचे आणि मग तिलाच उचलून मागे बसवायचे. मागे बसणाऱ्याच्या नावाने कुणाच्या डोक्याला ताप नव्हता. याने मात्र हट्ट धरला की लांबच्या प्रवासाची गाडी करायची तर मागचं माणूस खरं पाहिजे, आणि एका सकाळी बायकोलाच घेऊन आला. ती सांगाड्यावर चढली, सगळ्या सुतारांनी आणि मातीवाल्यांनी मिळून तिला घेरलं, आणि ‘वहिनी, पाय इथे’, ‘वहिनी, पाठ सैल सोडा’, ‘वहिनी, खांदा दुखतो का’ असं करत पेन्सिलीने तिच्या गुडघ्यांची, कमरेची, कोपरांची टोकं भिंतीला लावलेल्या कागदावर उतरवून घेतली. त्या रेघांवरून प्लायवूड कापलं. दुसऱ्या दिवसापासून ते प्लायवूड वहिनी झालं. वहिनीचे गुडघे वर जातायत. वहिनी घसरतेय. वहिनीला जरा मागे घ्या, पुढच्याला जागा उरत नाहीये. त्यानंतर किती गाड्या आल्या आणि गेल्या, किती पोरं स्टुडिओत लागली आणि दुसरीकडे गेली, नव्या आलेल्यांना तर ही कुणाची वहिनी हेही माहीत नव्हतं. तिला घरी येऊन हे सांगावं असं त्याला कधी सुचलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. कामाच्या जागचे शब्द कामाच्या जागी राहतात, चपला दाराशी राहतात तसे.

आणि ही नवी गाडी. तिचं नाव अजून ठरायचं होतं, स्टुडिओत तिला नुसतं ‘लांबवाली’ म्हणत. दिसायला ती डोंगरदऱ्या तुडवून आल्यासारखी: पुढे चाकाच्या वर उगारलेली चोच, उंच काच, रुंद हँडल, भरलेली टाकी, पोटाखाली दगड लागू नयेत म्हणून बसवलेली ढाल. पण ढाल प्लास्टिकची होती, टायर गुळगुळीत रस्त्याचे होते, आणि चाकं अशी की एखाद्या खऱ्या दगडावर आपटली तर चाकालाच आधी रडू फुटावं. कुंभार म्हणायचा, ‘मातीतून घडली पण मातीत जायची नाही.’ यात फसवणूक आहे असं बाहेरच्याला वाटेल, त्याला तसं वाटत नव्हतं. लोकांना डोंगरावर जायचं नसतं, डोंगरावर जाऊ शकणाऱ्या गाडीवर बसून चांगल्या रस्त्याने जायचं असतं, आणि त्या बैठकीत खरंच सुख असतं. उंच बसलं की लांबचं दिसतं. हँडल रुंद असलं की हात मोकळे राहतात, पाठ सरळ राहते, अंगाचा भार कमरेवर न येता हातापायांत वाटला जातो. खड्ड्यांसाठी दिलेले लांब शॉकअप रस्त्यावरच्या सांध्यांना गिळून टाकतात. म्हणजे साहसासाठी म्हणून जे जे केलं, ते सगळं गुपचूप आरामाच्या कामी येतं. हे त्याला फार वर्षांपूर्वी कळलं होतं आणि या युक्तीवर त्याचा जीव होता. दाखवायचं साहस, द्यायचा आराम. वयस्क होत चाललेल्या दोन माणसांनी एका गाडीवर लांब जावं, आणि उतरल्यावर एकमेकांकडे कण्हत न बघता हसून बघावं, एवढंच त्याला करायचं होतं.

दोन माणसं कोण, हे त्याने कुठल्याही रिव्ह्यूमध्ये सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती. शेवटचे ते दोघं गाडीवरून लांब गेले होते, ती सहल अर्धीच राहिली होती. तिची पाठ तेव्हा नुकतीच दुखायला लागली होती. ती कपडे बेतते, दिवसभर कापडाच्या टेबलावर वाकलेली असते, त्यामुळे मणके एकमेकांवर दाबले गेले आहेत असं डॉक्टर म्हणाले होते, आणि तरी ती हौसेने निघाली होती. वाटेत एका बसथांब्याशी तिने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, थांब. उतरली, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली, तोंड पांढरं पडलेलं. म्हणाली, मी बसने येते, तू हो पुढे. तो पुढे झाला नाही. बस आली, ती मागच्या लांब सीटवर जाऊन आडवी होता येईल तितकी आडवी झाली, आणि तो बसच्या मागून गाडी चालवत घरापर्यंत आला. बस थांबली की तो थांबायचा. बसचा धूर त्याच्या तोंडावर यायचा. मागच्या काचेतून ती अधूनमधून डोकं वर करून बघायची, हा आहे का, आणि हात हलवायची, जा ना बाबा पुढे. त्याला तेव्हा स्वतःची इतकी लाज वाटली होती की काचेतून तिच्याकडे नीट बघवलं नाही. गाड्यांच्या मागच्या सीटा बेतणारा माणूस, आणि स्वतःच्या बायकोला बसमध्ये घालून मागून चाललाय. घरी आल्यावर तिच्या पाठीखाली उशा लावताना तो म्हणाला होता, तुझ्या पाठीला जमेल अशी गाडी करतो. ती म्हणाली होती, कर. पुढे लांबवालीचं काम खरंच सुरू झालं तेव्हा ती चार-सहा महिन्यांतून एकदा विचारायची, माझी गाडी कुठवर आली? तो सांगायचा, आता टाकी चालू आहे. आता दिवे चालू आहेत. आता चोचीवरून भांडणं चालली आहेत. ती म्हणायची, चोच छोटी करा, मला समोरचं दिसायला हवं.

ती गाडी होती तशी राहिली नाही. कुठलीच राहत नाही, हेही त्याला माहीत होतं. प्रत्येक रिव्ह्यूला कुणीतरी एक बोट ठेवतं, आणि बोट ठेवलं तिथलं थोडंसं जातं. आधी मागच्या फूटरेस्ट वर सरकल्या, सायलेन्सरला जागा हवी म्हणून. मग सीट थोडी निमुळती झाली. मग पाठ टेकायची गादी वेगळी विकायच्या सामानात गेली. तो प्रत्येक वेळी भांडला होता, आणि भांडणात माणूस जितकं वाचवतो त्याहून जास्त झिजतो हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. शुक्रवारी विक्रीवाले साहेब सांगाड्याभोवती फिरले, मागच्या सीटपाशी थांबले आणि म्हणाले, “ही एवढी लांब कशाला? आपला माणूस जगाच्या टोकाला निघालाय. भाजी आणायला नाही.” कुणीतरी हसलं. साहेब म्हणाले, “जाहिरातीत तो एकटाच असतो. डोळ्यासमोर आणा. मागे कुणी बसलंय असं दिसतं का तुम्हाला?” याच्याकडे उत्तर होतं. पूर्वी त्याने ते टेबलावर हात आपटून दिलं असतं, जाहिरातीतला माणूस गाडी विकत घेत नाही, घरचा माणूस घेतो. पण त्या क्षणी खोलीतला दिवा, साहेबांच्या अत्तराचा वास, कुंभाराच्या हातातली खरवडायची पट्टी, सगळं त्याला एकदम फार लांबचं वाटलं, आणि बोलायला तोंड उघडायचेसुद्धा त्याला कष्ट वाटले. तो म्हणाला, “करून बघतो.” साहेब खूश झाले. वहिनी काढायची म्हणजे मागची सीटच काढायची. बाहेर पडल्यावर त्याला वाईट वाटायला हवं होतं, तर सुटल्यासारखं वाटलं. तेच आता छताकडे बघताना त्याला लागत होतं. गाडी गेली याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. ती जाताना त्याला बरं वाटलं होतं याचं वाईट वाटत होतं.

संध्याकाळी ती दारात येऊन उभी राहिली. तिच्या खांद्यावर मोजायची टेप होती. घरातही ती बऱ्याचदा तशीच खांद्यावर राहून जाई. “उद्या रविवार आहे,” ती म्हणाली. “स्टुडिओत कुणी असतं का?”

“वॉचमन असतो. का?”

“मला बघायचीय.”

“गाडी?”

“गाडी पण,” ती म्हणाली. “आणि ती वहिनी. वीस-बावीस वर्षं तिथे आहे, आणि एकदा भेटवली नाहीस.” हे ती थट्टेत म्हणाली, आणि त्याला थट्टेचा आधार वाटला, म्हणून तोही हसला. मग दोघंही हसायचं थांबले आणि तिने दिवा लावला.

रविवारी सकाळी स्टुडिओ थंड होता. नवी इमारत, उंच छत, पांढरा दिवा, आणि त्या सगळ्यात तापवलेल्या मातीचा मेणचट वास, जो त्याच्या शर्टांतून आजवर कधी पुरता गेला नव्हता. वॉचमनने वहीतबिहीत काही लिहून न घेता नुसती मान हलवली, दादांची माणसं म्हणून. मधोमध लांबवाली कापडाखाली उभी होती. पण बायको आधी गाडीकडे गेली नाही. भिंतीशी प्लायवूडच्या आकृत्या टेकवून ठेवल्या होत्या, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “यातली मी कुठली?” त्याने बोट दाखवलं. कडा हात लागून लागून काळपट झालेल्या, गुडघ्यापाशी खिळ्यांची भोकं, पोटावर कुणीतरी मार्करने लिहिलेलं ‘वहिनी’, त्यावर दुसऱ्या कुणीतरी गिरवलेलं. ती आकृती बसलेली होती, पाय दुमडलेले, हात किंचित पुढे आलेले, डोकं नव्हतं. डोक्याची कधी गरजच पडली नव्हती. ती तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग खांद्यावरची टेप काढून तिने प्लायवूडच्या कमरेला धरली, तीच टेप स्वतःच्या कमरेला धरली आणि मान हलवली.

“माप जुनं आहे,” ती म्हणाली.

“हो, तेव्हाचं.”

“आमच्याकडे जुन्या मापावर नवा कपडा बेतत नाहीत. रोजचं गिऱ्हाईक असलं तरी दर खेपेला टेप लावतो. माणूस तेच असतं, माप तेच नसतं.” ती रागाने बोलली नव्हती. धंद्यातली एक गोष्ट दुसऱ्या धंद्यातल्या माणसाला सांगावी तशी बोलली होती. त्याला वाटलं, आता काहीतरी म्हणावं: डमी सगळ्यांची असते, सरासरीची असते, तुझ्या एकटीची नसते. ते खरंही होतं. पण ती रात्री कूस बदलताना आधी कुठल्या हातावर भार घेते, हे त्याला आठवेना. रोज शेजारी झोपणाऱ्या माणसाचं हे त्याला माहीत नव्हतं, आणि प्लायवूडचे गुडघे टाकीपासून किती लांब, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

त्याने कापड काढलं. कुंभाराने शब्द पाळला होता. लाकडी मागची सीट गेली होती, त्या जागी फोमचा ठोकळा बसवून त्यावर मातीचं शेपूट चढवलं होतं, वरून चंदेरी कागद ताणून बसवला होता, आणि ते टाकीच्या पुढच्या चोचीशी असं जुळत होतं की क्षणभर त्यालाही ते आवडलं. हेच वाईट होतं. कुरूप असतं तर सोपं गेलं असतं. गाडी आता पुढे झेपावणारी, हलकी, कुणाचंही देणं न लागणारी दिसत होती. बायको गाडीच्या सभोवार फिरली, मागून बघितलं, वाकता येईल तेवढं वाकून बघितलं. “छान दिसते रे,” ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं हे त्याला कळलं.

“माझी जागा इथे होती?” तिने शेपटाच्या वर हवेत हात धरला.

“इथे,” त्याने तिचा हात जरा खाली घेतला. “एवढ्यावर.”

“इथे हात नको का लावू?”

“हात लाव. भार नको टाकू, आत फोम आहे. माती नुसती वर आहे.”

“आणि पुढची?”

“पुढची खरी आहे. लाकूड, खाली लोखंड. साहेब लोक बसून बघतात ना.”

तिने पुढची सीट हाताने दाबून बघितली. मग चपला काढल्या, साहेब लोकांसाठी ठेवलेल्या लाकडी पायरीवर चढली आणि म्हणाली, “धर जरा.” तो धरायला पुढे झाला, पण तिला नेमकं कुठे धरायचं हे त्याला सुचेना; शेवटी कोपर धरलं. तिने पाय टाकायला दोन-तीनदा प्रयत्न केला, मध्येच थांबली, हसली, ‘म्हातारी घोड्यावर चढतेय’ असं स्वतःशीच म्हणाली आणि एकदाची पुढच्या सीटवर बसली. हात पुढे केले. हँडल रुंद होतं, ते आपण होऊन तिच्या हाताशी आलं. तिने पाय वर घेऊन फूटरेस्टवर ठेवले. मग तिने श्वास सोडला, आणि त्या श्वासात काहीतरी होतं, कारण तो सांगाड्याचे बोल्ट बघायला खाली वाकला होता तो सरळ झाला.

“काय झालं? दुखलं?”

“थांब,” ती म्हणाली. तिने हातांवर जरा भार दिला, काढला, पुन्हा दिला. पाठ सरळ होती, मान मोकळी होती. समोरच्या भिंतीवर रंगाचे तुकडे चिकटवलेले होते आणि ती त्यांच्याकडे अशी बघत होती की तिथे भिंत नसावी. “अरे,” ती म्हणाली, “इथे दुखत नाही.”

तो तिच्याकडे बघत उभा राहिला. इतकी वर्षं त्याने मागची सीट लांब केली होती, रुंद केली होती, तिच्यात फोम भरला होता, काढला होता, तिरकी केली होती, त्या सीटसाठी साहेबांशी वैर घेतलं होतं. तिच्या पाठीला जे हवं होतं ते मागे नव्हतंच. मागच्या माणसाला हात टेकायला काही नसतं; प्रत्येक धक्का कमरेतच जाऊन बसतो. हे त्याला माहीत होतं. हे त्याचंच काम होतं. हातांवर भार घेतला की मणके सुटतात, हे त्याने पुढच्या बैठकीसाठी स्वतः कागदावर मांडलं होतं, लोकांना समजावून सांगितलं होतं. आणि एकदाही, एकाही दुपारी, त्याच्या किंवा कुंभाराच्या किंवा त्या पत्र्याच्या खोलीतल्या कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं की वहिनीला पुढे बसवून बघावं. वहिनी मागेच बसते. तिला हाकच तशी मारली होती. आता तो तिथे उभा असताना त्याला दमल्यासारखं वाटत होतं, पण ते रोजचं नव्हतं. एखाद्या चुकीच्या घराचा जिना सगळा चढून गेल्यावर माणूस दमतो तसं वाटत होतं.

“मला चालवता येत नाही,” ती म्हणाली, अजून समोर बघत. “पण शिकता येईल ना? त्यात काय असतं एवढं?”

“येईल,” तो म्हणाला. “तुला येईल.”

“मग ही माझी गाडीच झाली की.” तिने हँडल जरासं डावीकडे वळवलं, जरासं उजवीकडे. सांगाड्यात कुठेतरी लाकूड कुरकुरलं. “छोटीशी असायला हवी मला, हलकी. पण बैठक हीच. लिहून ठेव, विसरशील.” मग मान न वळवता, पाहुण्याला जेवायला बसायला सांगावं इतक्या सहज ती म्हणाली, “उभा काय राहिलास? बस की मागे.”

त्याने शेपटाकडे बघितलं. जागा नव्हती. चंदेरी कागदावर दिव्याची एक लांब रेघ पडली होती, कुंभाराने शनिवारी रात्रीपर्यंत घासून मिळवलेली, आणि उद्या सकाळी मोठे साहेब ती बघायला येणार होते. ही जागा त्यानेच काढली होती, एका शब्दात, नळ चालू असताना. ती काढताना मागे कोण बसणार हे त्याला नक्की माहीत होतं असं त्याला वाटत होतं.

तो पायरीवर चढला. पाय टाकताना त्याचाही गुडघा कुरकुरला. तिच्या खांद्यांना धरून, कारण दुसरं धरायला काही नव्हतं, तो शेपटावर बसला.

आधी काहीच झालं नाही. मग खालून फोमचा एक कोरडा आवाज आला, माती चिरली, चंदेरी कागदाला एक सुरकुती पडली आणि ती पुढे पुढे जात टाकीपर्यंत पोचली. शेपूट एका बाजूला कललं आणि तिथेच राहिलं. तो तिच्या पाठीला येऊन टेकला. तिची पाठ उबदार होती आणि सरळ होती. इतक्या वर्षांत तो त्या पाठीमागे कधी बसला नव्हता.

“मोडलं काहीतरी,” ती म्हणाली.

“हो.”

“फार?”

“फार.”

तिने हँडल सोडलं नाही. बाहेर वॉचमनच्या खोलीत कुणाशीतरी फोनवर बोलणं चालू होतं. “उद्या साहेबांना काय सांगशील?”

त्याने विचार केला. उद्या मोठे साहेब असतील, विक्रीवाले साहेब असतील, कुंभार असेल, सगळे या चिरेकडे बघत उभे असतील, आणि त्याला तोंड उघडावं लागेल. ते कष्टाचं असेल. बरेच दिवस ते कष्टाचं राहील, आणि कदाचित सगळं ऐकून घेऊन ते त्याला दुसऱ्या कुठल्यातरी टेबलावर बसवतील. तरी आत्ता त्याला उतरावंसं वाटत नव्हतं.

“सांगेन,” तो म्हणाला, “मागे बसून बघितलं.”